लिंकनचा पक्ष कुठे गेला?

साल १८५४, मार्चची वीस तारीख. विस्कॉन्सिनमधल्या रिपन गावात एका लहानशा लाकडी शाळेत तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. जमलेली माणसं गावातलीच. कुणी व्हिग पक्षाचा, कुणी फ्री सॉइल पक्षाचा, काही तर डेमोक्रॅटसुद्धा. एका विधेयकाने त्यांची झोप उडवली आहे. कॅन्सस आणि नेब्रास्का या नव्या मुलखांत गुलामगिरी ठेवायची की नाही, हे तिथल्या गोऱ्या वस्तीने ठरवावं असं वॉशिंग्टनमध्ये घाटतं आहे. १८२० च्या तडजोडीने त्या भागात गुलामगिरीला बंदी होती, ती आता उठणार. अल्व्हन बोव्हे नावाचे वकील बोलायला उभे राहतात. पहाट व्हायच्या आत या खोलीने जुने पक्ष सोडून नवा काढायचं ठरवलेलं असतं. नाव सुचतं रिपब्लिकन.

लगेच त्यांना देवदूत समजू नका. यातल्या अनेकांना काळा माणूस आपल्या बरोबरीचा वाटत नाही. गुलाम राबवणारा जमीनदार नव्या मुलखात आला तर आपल्यासारख्या कष्टाने शेती करणाऱ्याला जागा उरणार नाही, ही त्यांची खरी धास्ती. तरीही सहा वर्षांत हा पक्ष शिकागोच्या 'विगवॅम' सभागृहात अब्राहम लिंकन यांना उमेदवारी देतो आणि निवडणूक जिंकतो. सत्तेत आल्यावर तो काय करतो तेही पाहा. १८६१ मध्ये देशातला पहिला प्राप्तिकर लावतो. १८६२ मध्ये शेतकऱ्याला फुकट जमीन, पॅसिफिकपर्यंत रेल्वे आणि कृषी महाविद्यालयांसाठी सरकारी जमिनी देणारे कायदे करतो. उत्तरेच्या कारखान्यांसाठी परदेशी मालावर जबर शुल्क बसवतो. मोठं, कामाला जुंपलेलं केंद्र सरकार हवं असणारा पक्ष तेव्हा रिपब्लिकन आहे. केंद्राने हात आखडता घ्यावा, राज्यांचं राज्यांना पाहू द्यावं, असं म्हणणारा पक्ष डेमोक्रॅटिक.

आजच्या अमेरिकेच्या बातम्या वाचणाऱ्याला हे उलटं वाटेल. म्हणूनच मी तुम्हाला हाताला धरून पुढे नेतो आहे.

२५ फेब्रुवारी १८७०. वॉशिंग्टन, सिनेटची गॅलरी. इतकी गर्दी आहे की बसायला जागा नाही. खाली नावं पुकारली जात आहेत. मिसिसिपीतून निवडून आलेले हायरम रेव्हल्स यांना सदस्य म्हणून घ्यायचं की नाही, यावर मतदान चालू आहे. ते कृष्णवर्णीय आहेत आणि आजवर एकही कृष्णवर्णीय माणूस या सभागृहात बसलेला नाही. ४८ विरुद्ध ८. बाजूची सगळी मतं रिपब्लिकनांची, विरोधातली आठही डेमोक्रॅटांची. रेव्हल्स शपथ घ्यायला पुढे येतात, तशी तुमच्या आजूबाजूची माणसं उठून उभी राहतात. तुम्हीही उभे राहता.

यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले 'गुलामगिरी' लिहितात आणि ते पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण करतात. अर्पणपत्रिकेत पक्षाचं नाव नाही, आणि नसावंच. पण जोतीरावांपर्यंत पोचलेली अमेरिका या गॅलरीतली होती, हे विसरू नका.

आता जी जागा दाखवणार आहे तिथे फार वेळ थांबवत नाही, कारण तिथे तुमच्या कातडीचा रंगही धोक्याचा आहे. १० नोव्हेंबर १८९८, नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन. शहराचा कारभार रिपब्लिकन आणि पॉप्युलिस्ट यांच्या युतीकडे आहे आणि त्यात कृष्णवर्णीयांनाही वाटा आहे. डेमोक्रॅटिक पक्षाने पूर्ण प्रचारमोहीम गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या नावाने चालवली आहे. आज सकाळी हत्यारबंद जमाव अलेक्झांडर मॅनली यांच्या 'डेली रेकॉर्ड' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राची कचेरी जाळतो. दुपारपर्यंत रस्त्यावर माणसं मारली जातात. संध्याकाळी निवडून आलेल्या महापौरांना राजीनामा द्यायला लावून जमावाचा पुढारी आल्फ्रेड वॉडेल स्वतः त्या खुर्चीत बसतो. घरं सोडून दलदलीत लपलेल्या बायकामुलांना मदत करायला कुणी येत नाही. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन आहेत, विल्यम मॅकिन्ली. तेही गप्प राहतात.

मला तुम्हाला दाखवायचं होतं ते हे गप्प राहणं. एका पक्षाने मारलं आणि दुसऱ्याने पाहिलं. रिपब्लिकन पक्षाला तोवर कारखानदारांची, सोन्याच्या चलनाची आणि आयातशुल्काची काळजी जास्त वाटू लागली होती. नॉर्थ कॅरोलायनाचे कृष्णवर्णीय रिपब्लिकन खासदार जॉर्ज हेन्री व्हाइट १९०१ मध्ये निरोप घेतात, त्यानंतर संसदेत अठ्ठावीस वर्षं एकही कृष्णवर्णीय सदस्य नाही.

१९१३ च्या जुलैत एक तरुण न्यूयॉर्कला उतरतो, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. भीमराव रामजी आंबेडकर. त्याच वर्षी व्हाइट हाऊसमध्ये डेमोक्रॅट वुड्रो विल्सन आले आहेत. कारखान्यांतल्या आणि शेतांतल्या माणसाला सरकारने आधार द्यावा, मक्तेदाऱ्या मोडाव्यात, असं म्हणणारा हा सुधारक अध्यक्ष. त्याच्याच कारकिर्दीत टपाल आणि अर्थखात्याच्या कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्या कारकुनांची टेबलं आणि शौचालयं वेगळी केली जातात. १९१४ च्या नोव्हेंबरात विल्यम मन्रो ट्रॉटर हे कृष्णवर्णीय संपादक शिष्टमंडळ घेऊन जाब विचारायला जातात. त्यांनी दोन वर्षांपूर्वी विल्सन यांनाच पाठिंबा दिला होता. शब्दाने शब्द वाढतो आणि अध्यक्ष त्यांना बाहेरची वाट दाखवतात. आर्थिक प्रश्नावर पुढारलेला आणि वर्णाच्या प्रश्नावर मागे ओढणारा, असा एकच पक्ष तुम्हाला इथे दिसतो. पुढची पन्नास वर्षं समजून घ्यायची तर ही जोडी ध्यानात राहू द्या.

मग १९२९ ची मंदी येते. १९३२ च्या प्रचारात पिट्सबर्गच्या एका कृष्णवर्णीय वर्तमानपत्राचे मालक रॉबर्ट व्हॅन आपल्या लोकांना सांगतात, की आता लिंकनचं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते ऋण फिटलं. त्या वर्षी फार थोडे ऐकतात. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९३६ मध्ये, पिट्सबर्गच्याच कृष्णवर्णीय वस्तीत मतदानाच्या रांगेत तुम्ही उभे राहता. पुढचा माणूस सरकारी कामावर आहे, रस्ता बांधतो. मंदीत त्याला कुणी विचारत नव्हतं, डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या योजनेने मजुरी दिली. त्याचा आजा गुलाम होता, बाप आयुष्यभर रिपब्लिकनांना मत देत आला, आणि हा आज डेमोक्रॅटांना देणार आहे. देशभरचे कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्येने हेच करतात. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकतात. हाती लागत नाहीत ती फक्त मेन आणि व्हरमाँट.

पण पोटाचा प्रश्न सुटला म्हणून मानेवरचं जोखड उतरलं असं नव्हे. १९३५ च्या निवृत्तिवेतन कायद्यातून शेतमजूर आणि घरकामाच्या बाया वगळल्या आहेत, म्हणजे दक्षिणेतले बहुतेक कृष्णवर्णीय कष्टकरी वगळले आहेत. जमावाने माणसं झाडाला टांगण्याविरुद्धच्या विधेयकामागे रूझवेल्ट आपलं वजन टाकत नाहीत. समित्यांचे सभापती दक्षिणेचे डेमोक्रॅट आहेत, त्यांना दुखावलं तर ते बाकीची सगळी विधेयकं अडवतील, असं रूझवेल्ट नागरी हक्कांच्या पुढाऱ्यांना सांगतात. रांगेतल्या त्या माणसाच्या मजुरीसाठी दिलेली किंमत दक्षिणेतल्या त्याच्याच भावकीकडून वसूल होत होती.

१९५० मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांची संघटना एक अहवाल काढते. त्यात तक्रार अशी, की दोन्ही पक्ष एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की मतदाराला निवड कशातून करायची तेच कळत नाही. आज लोक त्या मिसळलेल्या काळाबद्दल हळहळतात. तेव्हा कसा मेळ होता, समोरच्या बाकावरच्यांबरोबर जेवणं व्हायची, तडजोडी व्हायच्या, असं सांगतात. ते खोटं नाही. मात्र तो मेळ कुणाच्या जिवावर टिकला होता, हे ज्या सकाळी उघड्यावर आलं, त्या सकाळी आपण परत सिनेटच्या गॅलरीत जाऊ.

१० जून १९६४. रात्रभर एक माणूस बोलतो आहे. वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट रॉबर्ट बर्ड. चौदा तासांहून जास्त बोलून ते सकाळी दहाच्या सुमारास खाली बसतात. नागरी हक्क विधेयक मतदानाला येऊच द्यायचं नाही म्हणून दक्षिणेच्या सदस्यांनी दोन महिन्यांहून अधिक काळ भाषणांचा बांध घालून ठेवला आहे. त्यांचे सेनापती जॉर्जियाचे रिचर्ड रसेल, तेही डेमोक्रॅट. विधेयक कुणाचं? डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं. चर्चा थांबवायला १०० पैकी ६७ मतं लागतात आणि जॉन्सन यांच्या पक्षाकडे ती नाहीत, कारण त्यांच्याच पक्षाचा तिसरा हिस्सा विरोधात आहे. उरलेली मतं समोरच्या बाकावरून आणावी लागतील. ती आणण्याचं काम इलिनॉयचे रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्क्सन यांनी केलं आहे. आपल्या एकेका सदस्याबरोबर बसून, मसुद्यातला शब्द शब्द घासून.

नावं पुकारायला सुरुवात होते. तुमच्या शेजारी कुणी कागदावर रेघा मारतो आहे. कॅलिफोर्नियाच्या क्लेअर एंगल यांचं नाव येतं. ते चाकाच्या खुर्चीत आहेत. मेंदूतल्या गाठीने त्यांची वाचा गेली आहे. सभागृह थांबतं. ते हात मोठ्या कष्टाने वर नेतात आणि डोळ्याकडे बोट दाखवतात. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार सारखाच, म्हणून कारकून होकार नोंदवतो. दीड-पावणेदोन महिन्यांत हे गृहस्थ वारले. पुढे डेलावेअरचे जॉन विल्यम्स होकार देतात आणि रेघा मारणारा थबकतो. सदुसष्ट. सदुसष्टावं मत रिपब्लिकन आहे.

अखेरचा आकडा ७१ विरुद्ध २९. बाजूने ४४ डेमोक्रॅट, २७ रिपब्लिकन. विरोधात २३ डेमोक्रॅट, ६ रिपब्लिकन. दुभंग दोन पक्षांच्या मधून गेलाच नाही. तो प्रत्येक पक्षाच्या आतून गेला आणि त्यातही भूगोलाने गेला. नऊ दिवसांनी विधेयक मंजूर झालं तेव्हा गृहयुद्धात बंड केलेल्या दक्षिणेच्या अकरा राज्यांतल्या २१ डेमोक्रॅटांपैकी होकार फक्त एकाचा होता, टेक्सासचे राल्फ यारबरो यांचा. परराष्ट्र धोरणात उदारमतवादी म्हणून गाजलेले आर्कान्साचे फुलब्राइट नकार देणाऱ्यांत होते. आणि त्या सहा रिपब्लिकनांत एक नाव होतं अॅरिझोनाचे बॅरी गोल्डवॉटर.

पाचच आठवड्यांनी तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या 'काउ पॅलेस'मध्ये आहात. रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर, म्हणजे पक्षाच्या जुन्या उदारमतवादी शाखेचे पुढारी, व्यासपीठावर आहेत. कू क्लक्स क्लॅन आणि इतर टोकाच्या गटांचा जाहीरनाम्यात धिक्कार करा, एवढंच त्यांचं मागणं. गॅलऱ्यांतून अशी हुर्यो उठते की त्यांना मिनिटांमागून मिनिटं गप्प उभं राहावं लागतं. तुमच्यापासून थोड्या अंतरावर जॅकी रॉबिन्सन आहेत, बेसबॉलमधली वर्णाची भिंत पाडणारा खेळाडू आणि रॉकफेलर यांचा पाठीराखा. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा, या घरात आता आपलं कुणी नाही हे त्यांना कळलेलं आहे.

गोल्डवॉटर यांच्यावर अन्याय नको. त्यांनी १९५७ आणि १९६० चे नागरी हक्क कायदे मान्य केले होते. खासगी दुकानदाराने कुणाला गिऱ्हाईक म्हणून घ्यावं आणि कुणाला नोकरी द्यावी हे केंद्राने ठरवू नये, असा त्यांचा घटनेवरचा आक्षेप होता, आणि तो मनापासूनचा होता असं मला वाटतं. पण दक्षिणेच्या गोऱ्या मतदाराला त्यातून जे ऐकायचं होतं ते ऐकू गेलं. नोव्हेंबरात ते सपाटून हरले. जिंकलेली राज्यं सहा. घरचं अॅरिझोना, आणि मिसिसिपी, अॅलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना. निवडणुकीच्या तोंडावर साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले होते. १९६० मध्ये पक्षाचे उमेदवार निक्सन यांना कृष्णवर्णीय मतांचा साधारण तिसरा हिस्सा मिळाला होता, त्यानंतर कुठल्याही रिपब्लिकन उमेदवाराला तेवढा मिळालेला नाही.

डेमोक्रॅटांच्या अंगणातही त्या उन्हाळ्यात सारं शुद्ध नव्हतं. २२ ऑगस्टला अटलांटिक सिटीत फॅनी लू हेमर समितीपुढे बसल्या आहेत. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतात राबणारी बाई. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून शेतावरून हाकललेली, नंतर विनोनाच्या तुरुंगात मारून मारून जायबंदी केलेली. मिसिसिपीच्या गोऱ्यांनी पाठवलेल्या शिष्टमंडळाऐवजी आम्हाला बसवा, अशी त्यांच्या गटाची मागणी. त्या बोलत असतानाच अध्यक्ष जॉन्सन घाईने पत्रकार परिषद बोलावतात, कॅमेरे तिकडे वळावेत म्हणून. रात्री दूरचित्रवाणीवर हेमर यांचं बोलणं देशाने तरीही पाहिलं. पक्षाने दोन जागा देऊ केल्या, त्या त्यांनी नाकारल्या. मला विचाराल तर त्या वर्षी दोन्ही पक्षांत मिळून सर्वांत स्वच्छ पाटी याच बाईची होती.

पुढच्या वर्षीच्या एका मंजुरीचा आपल्याशी थेट संबंध आहे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी जॉन्सन यांनी देशवार कोटे मोडणाऱ्या स्थलांतर कायद्यावर सही केली. तोही दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला आणि मुख्य विरोध पुन्हा दक्षिणेच्या डेमोक्रॅटांचा. पुण्या-मुंबईचे, सांगली-नागपूरचे डॉक्टर आणि इंजिनिअर त्यानंतरच्या दशकांत तिकडे गेले ते याच दारातून.

उरलेली वर्षं भरभर ओलांडू. १९८० च्या जुलैत डेट्रॉइटला रिपब्लिकन अधिवेशनात रोनाल्ड रेगन यांना उमेदवारी मिळते. स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला जाहीरनाम्यात सर्वांत आधी, १९४० मध्ये, पाठिंबा देणारा पक्ष रिपब्लिकनच होता. या वेळी तो पाठिंबा वगळला जातो आणि गर्भपातबंदीसाठी घटनादुरुस्ती हवी असं लिहिलं जातं. याच रेगन यांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून गर्भपात सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. चर्चमधली गोरी मंडळी आता एका पक्षाकडे ओढली जातात, विद्यापीठांची शहरं दुसऱ्याकडे. नोव्हेंबरात निकालाच्या रात्री एनबीसीच्या नकाशावर रेगन यांची राज्यं निळी आहेत. लाल म्हणजे रिपब्लिकन ही खूण २००० च्या लांबलेल्या मोजणीनंतर पक्की झाली.

आता परत या. आजचा फरक खरा आहे आणि मोठा आहे. दोघे सारखेच, असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. श्रीमंतांवर कर किती, आरोग्यविमा सरकारने द्यावा का, गर्भपाताचा निर्णय बाईचा की राज्याचा, बंदुकीवर निर्बंध, हवामान, कामगार संघटना, सीमेवरून येणारी माणसं, यांतल्या प्रत्येकावर दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याला अखेरच्या मतदानात एकाही रिपब्लिकनाचं मत नव्हतं. २०१७ च्या करकपातीला एकाही डेमोक्रॅटाचं नव्हतं. रूझवेल्ट यांना नाकारणारं व्हरमाँट आज डेमोक्रॅटांचा गड आहे. खाणकामगारांचं वेस्ट व्हर्जिनिया, जिथून बर्ड निवडून यायचे, ते रिपब्लिकनांचं. परदेशी मालावर शुल्क वाढवणारा पक्ष मध्ये दीर्घकाळ खुल्या व्यापाराकडे गेला आणि पुन्हा तिथेच येऊन पोचला. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०२२ मध्ये त्याच डेट्रॉइटमधून डेमोक्रॅट म्हणून प्रतिनिधिगृहात निवडून गेले.

न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला तुमचं कुणी नागरिक होऊन राहत असेल आणि फोनवर त्याच्याशी या पक्षांवरून वाद होत असेल, तर लिंकन किंवा विल्मिंग्टन एकमेकांच्या तोंडावर फेकू नका. कोणत्या वर्षाबद्दल बोलतो आहोत ते आधी ठरवा. सिनेटमध्ये आणि प्रतिनिधिगृहात ज्या मतदानात प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवलं जातं, त्यात कुणी काय मत दिलं ही यादी आजही कुणालाही वाचता येते. मतदानाला जाण्याआधी आपल्या सदस्याच्या नावापुढे काय लिहिलं आहे, ते त्याने एकदा वाचावं असं त्याला सांगा.